फाटक ते फलाट : वाचकांचे प्रश्न

यंदा आलेली पत्रं बहुतेक नेरुळ, बेलापूर, खारघर, कोपरखैरणे आणि ठाण्याची आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी अडचण साधारण एकच दिसते. कॉलेजच्या आत रखवालदार आणि कॅमेरे असतात, फलाटावर रेल्वेचे पोलीस असतात, पण मधला एक-दीड किलोमीटर कुणाच्या जबाबदारीचा हे ना विद्यार्थ्यांना माहीत असतं, ना पालकांना. म्हणून कोणत्या जागेसाठी कुणाकडे जायचं, हे प्रत्येक उत्तरात मुद्दाम लिहिलं आहे.

प्रश्न : मुलगी नेरुळला इंजिनिअरिंगला आहे, घर ठाण्यात. आठवड्यातून तीन दिवस लॅब आणि ग्रंथालय आटोपून निघायला तिला रात्रीचे नऊ-साडेनऊ होतात. स्टेशन पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. ‘उशिरा थांबू नकोस’ असं सांगावं का?
– एक पालक, ठाणे (पश्चिम)

तसं सांगू नका. त्याने लॅब बुडते, आणि पुढे कधी खरंच अडचण आली तर ती तुम्हाला सांगायला कचरेल. त्यापेक्षा एक संध्याकाळ काढा आणि ती निघते त्याच वेळी तिच्यासोबत तो रस्ता चाला. दिवसा पाहिलेला रस्ता रात्री ओळखू येत नाही.

चालताना दिव्यांचे खांब किती आहेत यापेक्षा उजेड जमिनीवर पोचतो का ते बघा. नवी मुंबईत जुन्या सेक्टरांमधली झाडं आता दिव्यांच्या वर गेली आहेत. पावसाळ्यात पानं दाट झाली की खांब पेटलेला असूनही फुटपाथ काळोखात असतो. दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंना सोसायट्यांच्या मागच्या भिंती असलेले आतले रस्ते. फाटकं पलीकडच्या बाजूला, त्यामुळे शंभर-दीडशे मीटर ना दुकान, ना वॉचमनची केबिन. स्टेशनला जायची सगळ्यात जवळची वाट बऱ्याचदा अशाच रस्त्यातून जाते. पाच मिनिटं जास्त लागली तरी दुकानांच्या रस्त्यानेच जायचं. त्या रस्त्यावर रात्री दहापर्यंत उघडी असणारी तीन ठिकाणं हेरून ठेवा : एखादं मेडिकल, एखादं हॉटेल, चोवीस तास वॉचमन असलेली सोसायटी. कुणी मागे येतंय असं वाटलं तर घरच्या किंवा स्टेशनच्या दिशेने पळण्यापेक्षा यातल्या जवळच्या ठिकाणी शिरणं बरं. मेडिकलवाल्याशी दिवसा एकदा बोलून ठेवलं तर रात्री फार समजावत बसावं लागत नाही.

शक्य असेल तिथे समोरून वाहनं येतील अशा बाजूने, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने चालावं. साखळी किंवा मोबाइल हिसकावणारे मोटरसायकलवरून शक्यतो मागून येतात आणि रस्त्याच्या बाजूच्या हातावर झडप घालतात. समोरून येणारी गाडी निदान दिसते. बॅग आणि मोबाइल आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला असू द्या. इयरफोन घालायचाच असेल तर एकाच कानात. पावसात रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली की दोन्ही बाजूंचं काही दिसत नाही, म्हणून चालत जायचं असेल तर छत्री बरी.

नवी मुंबईची बरीचशी स्टेशनं सिडकोने संकुलासारखी बांधली आहेत : खाली भुयारी वाट, भोवती पार्किंग, वर कार्यालयं. संध्याकाळी सातला गजबजलेली हीच जागा नऊनंतर रिकामी होते. फलाटावर जायच्या वाटा अनेक असल्या तरी तिकीट खिडकीजवळची वाट धरा, कारण माणसं तिथेच असतात. पार्किंगमधून आडवं जाणं टाळा.

गाडीत महिलांचा डबा घ्यायचा, पण दाराशेजारची पाटी वाचून. काही डबे चोवीस तास महिलांसाठी असतात, काही ठरावीक वेळेपुरतेच. रात्री महिला डब्यांत पोलीस किंवा होमगार्ड नेमतात, पण प्रत्येक डब्यात असेलच असं धरून चालू नये. डबा पूर्ण रिकामा असेल तर त्यात चढण्याचा हट्ट धरू नये, माणसं असलेल्या डब्यात चढावं किंवा गार्डच्या केबिनला लागून असलेला डबा गाठावा. जिवावर बेतलं तर साखळी केव्हाही ओढावी. मात्र गाडी फलाटातून सुटत असताना ओढली तर मदत लगेच पोचते, दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी अंधारात थांबते. रेल्वेचा मदत क्रमांक १३९, लोहमार्ग पोलिसांचा १५१२.

व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास असं पाठवता येतं. एक तासाचं निवडावं. आठ तासांचं रोज कुणी बघत नाही. आणि ठिपका हलायचा थांबला तर घरच्यांनी काय करायचं, हे आधी ठरलेलं हवं. पाच मिनिटांनी फोन, उचलला नाही तर बरोबरच्या मैत्रिणीला फोन, तिथूनही काही कळलं नाही तर ११२.

कॉलेजकडे मागण्यासारखंही बरंच आहे. ग्रंथालय बंद व्हायची वेळ आणि बसची वेळ जुळवून घ्यायला सांगा, रात्रीच्या बॅचला फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत रखवालदार मागा. एकट्या पालकाने मागितलं तर विसरलं जातं, दहा पालकांच्या सह्यांचं पत्र फाइलला लागतं.

प्रश्न : ऐरोली-रबाळे दरम्यान दारात उभा होतो. रुळांजवळ उभ्या एकाने हातावर काठी मारली, मोबाइल खाली पडला आणि गेला. घराजवळच्या पोलीस ठाण्यात ‘आमची हद्द नाही’ म्हणाले आणि मोबाइल हरवल्याचा दाखला घ्या असं सांगितलं. आता?
– बी.एस्सी.चा विद्यार्थी, घणसोली

ही ‘फटका गँग’ची पद्धत. गाडी सिग्नलला मंदावते किंवा फलाट सोडते तिथे रुळांलगत उभं राहून दारातल्या माणसाच्या हातावर फटका मारायचा. यात मोबाइल जाण्यापेक्षा तोल जाऊन माणूस गाडीखाली जाण्याचा धोका फार मोठा आहे. दारात मोबाइल हातात धरू नका. आणि मोबाइल पडला तरी मागोमाग उडी मारू नका, साखळी ओढून रुळांत उतरू नका.

आता तक्रारीचं. रेल्वेच्या हद्दीत दोन दलं असतात. आरपीएफ हे केंद्राचं दल, रेल्वेची मालमत्ता आणि प्रवासी यांच्या सुरक्षेसाठी. चोरी, मारहाण, विनयभंग यांचा गुन्हा नोंदवून तपास करतात ते राज्याचे लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी. ठाणे, वाशी, पनवेल इथे त्यांची पोलीस ठाणी आहेत. तुमचा गुन्हा त्यांच्याकडचा. तरीही ‘हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ते शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. याच कलमाने एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, ती मागून घ्या.

‘हरवला’ या शब्दाला हो म्हणू नका. गहाळ झाल्याच्या दाखल्यावर सिमकार्ड मिळतं, पण तपास उभा राहत नाही. हिसकावून नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि चोरी करताना मारून इजा केली तर ती जबरी चोरी होते. म्हणून तक्रारीत ‘हातावर काठीचा फटका मारला’ हे वाक्य, कोणत्या बोटाला किंवा मनगटाला लागलं ते, गाडी कोणती, वेळ काय, दोन स्टेशनांची नावं, डबा पुढून कितवा, हे सगळं स्वतःच्या हाताने लिहून द्या. हात सुजला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. तरीही नोंदवत नसतील तर तीच तक्रार टपालाने लोहमार्ग पोलीस आयुक्त, मुंबई यांना पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

मोबाइल गेल्यानंतरच्या कामांना क्रम असतो. सगळ्यात आधी दुसऱ्या फोनवरून सिम बंद करायचं, कारण ओटीपी त्यावरच येतो. लगेच बँकेला फोन करून यूपीआय थांबवायचं. मग पोलीस तक्रार. त्यानंतर त्याच क्रमांकाचं नवं सिम घ्यायचं, कारण पुढच्या पायरीला त्या क्रमांकावर ओटीपी लागतो. शेवटी दूरसंचार खात्याच्या संचार साथी संकेतस्थळावर सीईआयआर या विभागात आयएमईआय (प्रत्येक हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक), तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र देऊन हँडसेट बंद करायचा, म्हणजे तो देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. आयएमईआय खोक्यावर आणि बिलावर असतो. ज्यांचा मोबाइल शाबूत आहे त्यांनी आत्ताच *#०६# दाबून तो क्रमांक वहीत उतरवून ठेवा. खोकं कुठे आहे ते ऐन वेळी आठवत नाही.

प्रश्न : खारघर स्टेशनहून कॉलेजला शेअर रिक्षा करतो. रात्री एकटीने बसणं योग्य का?
– विद्यार्थिनी, खारघर

मागे आधीच बसलेल्या दोन पुरुषांच्या मध्ये किंवा चालकाच्या शेजारी बसू नका. शेजारची चौथी सीट तशीही बेकायदा आहे, रिक्षाला तीनच प्रवाशांची परवानगी असते. चढण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरी पाठवा, चालकाला दिसेल असा. रिक्षाची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात, इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी. पांढऱ्या पाटीचं वाहन भाड्याचं नाही, त्यात बसायचं नाही. खारघर-कामोठे भागात एमएच ४६, वाशी-नेरुळला ४३, ठाण्यात ०४ असं पासिंग दिसतं. वेगळं पासिंग दिसलं म्हणजे काही काळंबेरं आहे असं नव्हे, पण तो क्रमांक आधी टिपावा. वाट बदलली तर फोनवर मोठ्याने आपण कुठे आहोत ते सांगा आणि पुढच्या सिग्नलला किंवा दुकानांपाशी ‘दादा, इथेच थांबवा’ म्हणा. चालत्या रिक्षातून उडी मारण्याचा विचार अगदी शेवटचा, डोकं फुटण्याचे अपघात त्यातूनच होतात.

प्रश्न : कोपरखैरण्यात चौघी मिळून फ्लॅट बघतोय. एकाने फोटो पाठवून पाच हजार टोकन मागितलं आहे. आणखी काय बघावं?
– एम.कॉम.ची विद्यार्थिनी

टोकन देऊ नका. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि मालकाच्या नावाचं वीजबिल किंवा सोसायटीचं देखभाल बिल पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नये. ‘मी लष्करात आहे, बदलीवर आहे, चावी कुरिअरने पाठवतो’ ही तर नेहमीची फसवणूक. पैसे परत करतो म्हणून कुणी क्यूआर कोड पाठवला तर लक्षात ठेवा, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला पहिल्या काही मिनिटांत फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता येतात, दुसऱ्या दिवशी ती शक्यता फार उरत नाही.

भाडेकरार नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. भाडेकरूंची माहिती पोलिसांना कळवायलाही मालकाला सांगा. अनेक मुलींना यात आपल्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं. खरं तर तुम्ही तिथे राहता याची सरकारदरबारी नोंद त्यामुळे होते, आणि पुढे मालकाशी वाद झाला तर तीच कामाला येते.

आता खोली. आधी बाथरूम बघा. गॅसचा गीझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर ती खोली सोडून द्या. बंद बाथरूममध्ये हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, पाय गळतात आणि कडी काढायचं भान राहत नाही. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात यात माणसं दगावतात. गॅस गीझर बाहेर, मोकळ्या हवेत हवा आणि पाणी आत नळाने यायला हवं. विजेचा गीझर असेल तर तो सोळा अँपिअरच्या सॉकेटवर आहे ना ते पाहा, एक्स्टेंशनवर मुळीच नको. मीटरजवळच्या पेटीत तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा खटका, असावा. त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं, ते दाबल्यावर खटका पडला पाहिजे. पडला नाही तर तो नुसता शोभेचा आहे. हे महिन्यातून एकदा करा.

मग खिडक्यांच्या जाळ्या. चोराच्या भीतीने अख्खी बाल्कनी लोखंडाने बंद केलेली असते आणि आग लागली की तीच पिंजरा होते. निदान एका जाळीत माणूस बाहेर पडेल एवढी उघडणारी झडप हवी. तिची चावी आत, झडपेजवळ पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्याला, आणि चौघींना माहीत. नसेल तर मालकाकडून करून घ्या. कारागिराचं एका दिवसाचं काम आहे. बाहेरच्या दाराचं लॅच राहायला येण्याच्या दिवशीच बदला, आधीच्या भाडेकरूंकडे किती चाव्या होत्या ते मालकालाही माहीत नसतं. बदललेलं जुनं लॅच त्याला परत द्या, म्हणजे कुरकुर होत नाही.

प्रश्न : वर्गातला एक मुलगा दोन महिने मागे लागला आहे. फाटकाबाहेर थांबतो, स्टेशनपर्यंत येतो, नवनव्या नंबरांवरून मेसेज करतो. घरी सांगितलं तर कॉलेज बंद होईल. काय करू?
– सी. म., बेलापूर

यात तुमची काहीही चूक नाही. हे प्रेम नव्हे, गुन्हा आहे. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार मागे जाणं किंवा संपर्क करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नकार लेखी द्या, एकदाच आणि कारणं न देता : ‘मला तुझ्याशी संपर्क नको. फोन, मेसेज करू नकोस, मागे येऊ नकोस.’ ‘सध्या अभ्यास आहे’ असं काही लिहू नका, त्याचा अर्थ ‘नंतर चालेल’ असा लावला जातो. त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर द्यायचं नाही, रागाचंसुद्धा नाही. चाळीस मेसेजांनंतर एक उत्तर गेलं की चाळीस पाठवल्यावर उत्तर मिळतं एवढंच तो शिकतो. ब्लॉक करण्याआधी नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि मैत्रिणीच्या फोनवरही ठेवा. वहीत तारीख, वेळ, जागा आणि कोणी पाहिलं एवढंच लिहीत जा. पंधरा दिवसांची अशी वही तक्रारीला फार मोठा आधार असते.

तक्रारीच्या जागा दोन. पहिली, कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी ती प्रत्येक कॉलेजात बंधनकारक आहे आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. कारण सबळ असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते आणि तोवर त्याला तुमच्यापासून दूर ठेवावं, अशी शिफारस करण्याची विनंती समितीला करता येते. प्राचार्यांना तोंडी सांगणं ही तक्रार नव्हे. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. दुसरी जागा पोलीस. फाटकाबाहेरचा रस्ता नवी मुंबई पोलिसांच्या हद्दीत येतो, फलाट लोहमार्ग पोलिसांच्या. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं, आधी समितीकडेच गेलं पाहिजे असा नियम नाही. लैंगिक स्वरूपाच्या गुन्ह्यात स्त्रीची खबर महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. तशी मागणी करायला संकोच नको. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

घरच्यांबद्दल. आई-वडिलांना लगेच सांगता येत नसेल तर मावशी, आत्या, मोठी चुलत बहीण, कुणीतरी एक मोठं माणूस निवडा आणि तक्रारीची प्रत तिच्या हातात द्या. आईला सांगताना ‘मला त्रास होतोय’पेक्षा ‘मी तक्रार दिली आहे, ही तिची प्रत’ असं सांगणं सोपं जातं. हे वाचणाऱ्या पालकांना आमची हात जोडून विनंती आहे : अशा वेळी मुलीचं शिक्षण बंद करू नका. मुली गप्प राहतात त्या याच धाकाने, आणि त्या गप्प राहिल्या की मागे येणाऱ्याचं फावतं.

प्रश्न : पेपर स्प्रे जवळ ठेवावा का?
– वाचक, कळवा

ठेवायला हरकत नाही, पण तो बॅगेच्या तळाशी असेल तर नसल्यासारखाच. खिशात किंवा पट्ट्याला हवा. बाटलीवरची मुदत पाहा, जुन्या डब्यातला दाब उतरतो आणि फवारा जेमतेम हातभर जातो. घेतल्यावर एकदा मोकळ्या जागी, वारा पाठीशी ठेवून अर्धा सेकंद मारून बघा. रिक्षात, लिफ्टमध्ये, गच्च डब्यात मारू नका, तुमचेच डोळे आधी मिटतील. मारल्यावर तिथे थांबायचं नाही. साधी शिटी त्याहून स्वस्त आहे आणि वाऱ्याच्या दिशेवर चालत नाही. त्याचबरोबर फोनच्या सेटिंगमध्ये आणीबाणीची सोय चालू करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर बटण भराभर पाच वेळा दाबलं की ती सुरू होते. आपल्या फोनवर कशी चालते ते घरी बसून वाचा.

प्रश्न : मुलगा वसतिगृहात आहे. सीनियर रात्री खोलीत बोलावतात, उभं करून ठेवतात, तो नाव घ्यायला तयार नाही.
– आई, ठाणे

मुलगा आहे म्हणून ‘सहन कर’ असं म्हणू नका. हे रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून वेगळा कायदा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. विद्यापीठ अनुदान आयोगाचा चोवीस तासांचा क्रमांक १८००-१८०-५५२२ असा आहे. नाव गुप्त ठेवण्याची विनंती करून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तुम्हीही फोन करू शकता, मुलानेच करायला हवा असं नाही. त्याला आज रात्री त्या मजल्यावर राहायचं नसेल तर आधी त्याला तिथून घरी आणा, कागद दुसऱ्या दिवशी करा.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या रस्त्यावरचे सहा दिवे तीन आठवडे बंद आहेत. महावितरणला फोन केला, ‘आमचं काम नाही’ म्हणाले.
– विद्यार्थी गट, खारघर

ते बरोबर सांगतात. रस्त्यावरचे दिवे सांभाळणं महापालिकेकडे असतं. आणि खारघर नवी मुंबई महापालिकेत येत नाही. ते १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत आहे, पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे. इथेच बहुतेकांची तक्रार चुकीच्या दारात जाते. नेरुळ, बेलापूर, वाशीकरांनी नवी मुंबई महापालिकेकडे जायचं, घोडबंदरच्या लोकांनी ठाणे महापालिकेकडे.

‘रस्त्यावर अंधार आहे’ असं लिहू नका. खांबांवर रंगाने क्रमांक घातलेले असतात, ते सहाही क्रमांक लिहा, सेक्टर लिहा, रात्री काढलेले फोटो जोडा. दिवा पानांमागे झाकला असेल तर ती तक्रार विद्युत विभागाची नव्हे, उद्यान विभागाची. फांदी छाटायला सांगा. एकाच अर्जात दोन्ही लिहिलं तर तो दोन टेबलांमध्ये फिरत राहतो, म्हणून दोन वेगळे अर्ज करा. प्रत नगरसेवकाला आणि कॉलेजच्या प्राचार्यांना द्या. दिवे लागेपर्यंत त्या रस्त्याला गस्त मिळावी म्हणून खारघर पोलीस ठाण्यालाही एक अर्ज द्या, त्यात कॉलेज सुटण्याची नेमकी वेळ लिहा.